गोचिडींचा बंदोबस्त

२ ऑक्टोबर १९९३, शनिवार

वाचनालयाला भेट आलेली खताच्या कंपनीची डायरी. नऊ महिने कोरी पडून होती. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं.

परवा पहाटे घडलं, भूकंप. गणपती बुडवून लोक नुकते आडवे झाले होते. किल्लारीकडचं लिहीत नाही. औसा रोडवरून जीपगाड्या अजून जात आहेत, आवाज आला की सगळे बोलायचे थांबतात. लातूर उभं आहे. आमची कॉलनीही उभी आहे, पण कॉलनीतली माणसं समोरच्या मोकळ्या प्लॉटवर आहेत. पाशामियाँचा मंडप डेकोरेशनचा धंदा आहे. त्यांनी गोदाम उघडलं आणि लग्नाचे मंडप सगळ्यांच्या डोक्यावर ताणून दिले. लाल-पिवळं कापड, खाली झालर. आमच्या वाट्याला 'सुस्वागतम्' आलं आहे. त्याच्या खाली दोन बाजा, एक माझी, एक मनूची. मनू म्हणजे मनस्विनी, माझी एकुलती एक. बारावी सायन्स.

मी भीतीपोटी बाहेर आलेले नाही हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. घर ह्यांनी स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलं. ओव्हरसियर होते, सळईत कंजुषी केली नाही. मी बाहेर आहे ती आजूबाजूच्यांना धीर यावा म्हणून. फार तर आठ दिवस.

४ ऑक्टोबर, सोमवार

मनू म्हणाली, आई, घराला एक चीर नाही, चल आत. तिला आत नेऊन समोरच्या खोलीतली चीर दाखवली. दाराच्या बाजूला, आडवी, खांद्याच्या उंचीवर. म्हणाली, ती चीर नाही, बाबांनी माझी उंची मोजून मारलेली पेन्सिलीची रेघ आहे, खाली सातवी लिहिलंय. चष्मा लावून बघितलं. लिहिलं आहे. पण भिंत फुटायची तर आधी कुठं तरी रेघ लागतेच.

ह्यांची बाज त्या खोलीत आहे तशी आहे. हलवली नाही.

६ ऑक्टोबर

सगळेच सांगतात, धक्क्याआधी कुत्री रडली होती. आम्ही त्यांना हाड हाड केलं. आता नाही करायचं.

एक पिवळट कुत्रा दोन दिवसांपासून मंडपाच्या खांबाशी बसून आहे. त्याला ठेवून घेतला. मनूनं त्याचं नाव रिश्टर ठेवलं, हल्ली गावात लहान लेकरालासुद्धा तो शब्द येतो. पाशामियाँ त्याला 'रिस्टरसाब' म्हणतात.

माझी झोप जड आहे. हे जाऊन दोन वर्षं झाली. झोपेतच गेले. मी शेजारी होते, सकाळी चहा ठेवून हाक मारली तेव्हा कळलं. म्हणून जवळ वेळेत सांगणारं कुणी तरी असावं, असं माझं मत झालेलं आहे. एवढंच.

रिश्टर भाकरी खातो, दूध जास्त आवडतं.

९ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी कमरेला काही तरी हाताला लागलं. तीळ असेल म्हटलं. तीळ पाय हलवत नाही.

गोचीड. रक्त पिऊन तुरीच्या दाण्याएवढी झालेली. आधी रॉकेलचा बोळा लावला. हलली नाही. मग पेटती उदबत्ती टेकवली. मला भाजलं, तिला बहुतेक थोडं कमी. शेवटी नखानं ओढली. अंग निघालं, तोंड आत राहिलं. म्हणजे नव्वद टक्के काम झालं.

पाशामियाँच्या घरच्या सालेहाभाभी बघत होत्या. म्हणाल्या, जलाने का नै भाभी, चिमटे से कातडी कू लगके पकडना, सीधा खींचना, हौ? त्यांचा चिमटा भुवया नीट करायचा. मी म्हटलं, असू द्या. शोभेच्या वस्तूंनी अशी कामं होत नसतात.

१२ ऑक्टोबर

कमरेचं पिकलं आहे. उदबत्ती वेगळ्या कंपनीची घ्यायला पाहिजे.

वाचनालयाच्या वाचन कक्षात मदतीचे कपडे येऊन पडले आहेत. मी पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर असते, आता कपडे लावते. स्वेटर वेगळे, लहान मुलांचे वेगळे. आज एका लहान झबल्याची नाडी कुणी तरी नीट गाठ मारून पाठवलेली होती. ती सोडली नाही, तशीच ठेवली.

ढिगाखालून पशुसंवर्धनाची एक पुस्तिका निघाली, तीत गोचिडींवर मोठं प्रकरण आहे. मी सातवी पास, पण एकदा वाचलं की माझ्या डोक्यात बसतं. गोचीड उडी मारत नाही, उडत नाही. गवतावर, फटीत दबा धरून असते, आपण जवळून गेलो की पाय पसरून धरते. फिकट कपडे घालावेत म्हणजे चढताना दिसते. अंगभर घालावेत. झोपण्याआधी कानामागे, काखेत, गुडघ्यामागे, केसांच्या कडेला बघावं. कपडे उकळत्या पाण्यात घालावेत, कडक उन्हात वाळवावेत.

कुत्र्यांवरची पानं वाचली नाहीत. आपल्याकडे जनावर नाही. रिश्टर पहाऱ्यावर आहे.

उद्यापासून पद्धतशीर बंदोबस्त.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

बंदोबस्त झाला. मंडपाभोवतीचं गवत कापलं. सभोवती गॅमेक्सिन पावडरची जाड रेघ ओढली, कुठे तुटू दिली नाही. दोन्ही बाजांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. लाडवांच्या डब्याला मुंग्या लागू नयेत म्हणून आपण ठेवतो तशाच. मुंगी ओलांडत नाही तर गोचीड काय ओलांडणार. लुगडं पांढरं. मनूला पांढरी सलवार, सलवारीचे पाय मोज्यात. मनू म्हणाली, आई, क्लासला अशी गेले तर पोरी मला क्रिकेटर म्हणतील. म्हटलं, म्हणू दे.

मूळ शोधायचं काम राहिलं होतं, तेही केलं. सालेहाभाभींची बकरी. ती आमच्या खांबापासून दहा पावलांवर बांधलेली असते. त्यांना समजावून सांगितलं, पुस्तिकेतलं दाखवलं. त्या रागावल्या. म्हणाल्या, हमारे बकरी कू काय कू नाम रखते भाभी, पहले तुमारे कुत्ते के कान में झाँक के देखो. मी म्हटलं, रिश्टर स्वच्छ आहे, मी रोज माझ्या हातानं जेवू घालते. त्यांनी बकरी सोडून प्लॉटच्या पलीकडच्या टोकाला नेऊन बांधली. बकरी रात्रभर ओरडली.

रिश्टर ओरडला नाही. म्हणजे काळजी नाही.

१७ ऑक्टोबर, रविवार

दोन अडचणी आल्या, दोन्ही सोडवल्या.

एक. रिश्टर पावडरची रेघ ओलांडताना पाय चाटतो. विष आहे ते. म्हणून संध्याकाळी मी त्याला कडेवर उचलून रेघेच्या आत आणते.

दोन. तो वाट्यांतलं पाणी पितो. म्हणून मी त्याला बाजेवरच घेते, पायथ्याशी. त्यात फायदाही आहे. धक्क्याआधी तो उठला की माझ्या पायाला कळेल.

आज माझ्या अंगावर तीन निघाल्या. बकरी गेल्यावर उपाशी पडल्या असतील, म्हणून जास्त चढल्या. हे थोडे दिवस होणारच.

२४ ऑक्टोबर, दसरा

अर्धी कॉलनी सोनं वाटायच्या निमित्तानं घरात शिरली आणि रात्री बाहेर आली नाही. माणसं फार लवकर विसरतात.

संध्याकाळी हलका धक्का. दोरीवरचा कंदील हलला. लोक बाहेर धावले. रिश्टर पोटावर पाय घेऊन झोपलेला होता. मनू हसली. मी तिला सांगितलं, लहान धक्के तो मोजत नाही. त्यानं प्रत्येक वेळी उठावं तर त्याच्यावर विश्वास कोण ठेवील.

१३ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

लिहू नये असं वाटतं, पण डायरी माझीच आहे.

मनू आज तरी घरात पूजा करू म्हणाली. केली. मी दारातून बघितली. नंतर मंडपात येऊन बसले तोवर रिश्टरनं मान वर करून जो सूर लावला तो आजवर ऐकला नव्हता. हाच तो क्षण. मी थाळी घेतली आणि पळीनं बडवत घरोघर ओरडत गेले, बाहेर या, बाहेर या. सगळे आले. कुणी ताटावरून, कुणी अंघोळीतून. म्हातारेकोतारे खुर्चीसकट आणले. आम्ही सगळे प्लॉटवर उभे राहिलो, जमीन उभीच राहिली. मग मागच्या गल्लीत दुसरी लड लागली आणि रिश्टर दुसऱ्यांदा रडला.

पाशामियाँ म्हणाले, भाभी, रिस्टरसाब पटाख्याला भेतेत, जमिनीला न्हाई. सगळे हसले. कुणी तरी माझ्या हातात करंजी ठेवली.

तरी एक गोष्ट सिद्ध झाली. कॉलनी पाच मिनिटांत रिकामी होते.

मनू हसली नाही. रात्री म्हणाली, आई, तुला खरंच वाटतं का हा उठवेल? मी म्हटलं, उठवायला कुणी तरी पाहिजे ना. ती पुस्तकात बघायला लागली.

२७ नोव्हेंबर, शनिवार

तुळशीची लग्नं झाली. पाशामियाँ दुपारी येऊन लांबच उभे राहिले. म्हणाले, भाभी, मी काही म्हणून न्हाई राहिलो, पण लग्नाच्या तारखा लागल्या. दुसरी सगळी कापडं परत आली, सुस्वागतम् तेवढं ऱ्हायलंय. नवरदेव आला तर त्याला काय दाखवू? मी म्हटलं, सोमवारी बघू. हाव म्हणाले. जाताना रिश्टरच्या कानाकडे बघितलं. हे नवरा-बायको दोघंही कानाकडेच बघतात.

प्लॉटवर आता आम्ही आणि बकरी.

१२ डिसेंबर

सुस्वागतम् गेलं. बदल्यात त्यांनी ट्रकची जुनी ताडपत्री स्वतः येऊन बांधून दिली. हिला डिझेलचा वास आहे. डिझेल म्हणजे जवळजवळ रॉकेलच, तेव्हा बंदोबस्ताला मदतच.

थंडी पडली. मनूचा फिजिक्सचा क्लास पहाटे पाचला. लातुरात हल्ली सगळं पाचलाच असतं, अंधारात सायकलींची रांग लागते. नांदेडची, उदगीरची पोरं खोल्या करून राहतात. आमच्या गल्लीत दर घरात दोन-दोन पोरं ठेवलेली आहेत आणि ती घरात झोपतात. भुजंग सरांनी आज मला बोलावून घेतलं. म्हणाले, ताई, पोरगी हुशार आहे, मेडिकलला लागेल, पण बाकावर डोळा लागतो अन् जागी असली की खाजवत असते. वर म्हणाले, तिला छपराखाली झोपू द्या.

त्यांना म्हटलं, खुल्या हवेत ऑक्सिजन जास्त. ते फिजिक्सचे आहेत, त्यांना हे लागू पडत नसेल.

मनूनं संध्याकाळी विषय काढला. सिद्धेश्वरमामा नांदेडला, विष्णुपुरीला बोलावून राहिलाय, परीक्षेपर्यंत तिकडं जाते म्हणाली. मी म्हटलं, नांदेडला गोचिडी नाहीत असं तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, मी गोचिडीबद्दल नाही बोलून राहिले. मग कशाबद्दल, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

नाही जायचं म्हणून सांगितलं. एकच माणूस उरलंय, ते किती लांब ठेवायचं.

२६ डिसेंबर, रविवार

विचार करून निर्णय घेतला. परीक्षा मनूची, तर राखणही तिलाच पाहिजे. आजपासून रिश्टर तिच्या बाजेवर, पायथ्याशी. ती नको म्हणत होती. म्हटलं, ऊब राहते. ती दमलेली होती, वाद घातला नाही. पाचच मिनिटांत दोघं झोपली.

मला माझे पाय रात्रभर मोकळे वाटले. पण आईनं एवढं करायलाच पाहिजे.

झोपताना कानामागे बघायचा नियम सध्या मनूपुरता शिथिल. पोरगी चारला उठते, अकराला पडते, तिची वेणीसुद्धा तीच घालते. परीक्षा झाली की नियम पुन्हा कडक.

६ जानेवारी १९९४

जुनी डायरी संपली, शेवटी 'टिपणे' म्हणून पानं आहेत त्यांवर लिहिते.

पहाटे मला जाग आली. कशानं ते कळलं नाही. सायकली अजून सुरू झाल्या नव्हत्या. सहज हात लांब केला तर मनू तव्यासारखी तापलेली. डोकं धरून कण्हत होती, पण हळू, मी उठू नये म्हणून.

रिश्टर तिच्या पोटाशी गाढ झोपलेला. त्यानं झोपेत पाय झाडला असेल, त्या आवाजानं मी उठले असेन. उठवलं त्यानंच.

थंडीचा ताप आहे. क्रोसिन दिली.

८ जानेवारी, शनिवार

क्रोसिननं उतरला नाही. काल तळहातांवर लाल ठिपके आले, आज तळपायांवर. पाशामियाँनी मंडपाच्या टेम्पोत घालून आम्हाला दवाखान्यात नेलं. मागे खुर्च्या भरलेल्या होत्या, मनू माझ्या मांडीवर. सालेहाभाभी न सांगता चढून बसल्या. बकरीनंतर आमचं बोलणं नव्हतं.

डॉक्टरांनी ठिपके बघितले, मग तिला वळवून केस वर केले. मानेवर, केसांच्या कडेला एक काळी खपली. डाव्या कानामागे एक जिवंत, फुगलेली. त्यांनी चिमटा घेतला, कातडीला लागून धरला आणि सरळ ओढली. पूर्ण निघाली, तोंडासकट. सालेहाभाभींनी माझ्याकडे बघितलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

गोचिडीचा ताप आहे म्हणाले. वेळेत आणलंत, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. गोळ्या लिहून दिल्या. मग विचारलं, घरात कुत्रं आहे का?

मी म्हटलं, घरात नाही.

मनूनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. तापात होती तरी.

९ जानेवारी

पुस्तिकेतली कुत्र्यांवरची पानं वाचली.

आज एवढंच.

११ जानेवारी, मंगळवार

ताप उतरायला लागला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मनूला घरात घेतली. समोरच्या खोलीत, ह्यांच्या बाजेवर. दुसरी बाज आत नेण्यापेक्षा ती सोयीची पडते. गल्लीत खोल्या करून राहणाऱ्या पोरांनी स्वतःच्या डब्यातलं जेवण दिलं, भुजंग सरांनी नोट्स पाठवल्या. मी औषधापुरती आत जाते. आज सहा वेळा गेले. नंतर उंबऱ्यावर बसून राहिले. उंबरा घरात धरत नाहीत.

रिश्टरला खांबाला बांधला आहे. लांबून भाकरी टाकते. तो शेपूट हलवतो, त्याला काय कळणार.

१६ जानेवारी, रविवार

मनू उठून बसली. तिळगूळ खाल्ला. मग शांतपणे म्हणाली, आई, आता एक ठरव. तू आत येऊन झोप, नाहीतर मी मामाकडं जाते. मी आत आणि तू त्या ताडपत्रीखाली, असं असलं की मला झोप लागत नाही, सारखं दार उघडून बघावं लागतं.

मी म्हटलं, तू दार उघडून बघतेस? म्हणाली, हाव. रोज. आत्ताच नाही, मंडपातसुद्धा उठून बघायची.

काय बघतेस ते विचारणार होते. तेवढ्यात गॅसवर दूध उतू गेलं.

मधला मार्ग काढला. माझी बाज दारात घातली. दोन पाय आत, दोन बाहेर. मी घराबाहेरच झोपते असंही म्हणता येतं, मनूला मी घरात आहे असंही म्हणता येतं. डोकं बाहेरच्या बाजूला. पाशामियाँ सकाळी बघून म्हणाले, भाभी, दरवाजा बंद करायचा म्हटलं तर तुमाला मधून कापावं लागतंय.

पायांखाली वाट्या ठेवल्या आहेत. चारही.

२३ जानेवारी, रविवार

थंडीनं कान धरले, म्हणून काल डोकं आतल्या बाजूला केलं. निर्णय थंडीपुरता.

काल रिश्टरला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. कानात ओंजळभर निघाल्या. शेंगदाण्याएवढ्या. औषधाच्या पाण्यानं धुतला, पंधरा दिवसांनी पुन्हा धुवायचा. बाजांच्या सुतळीवर उकळतं पाणी ओतलं, गोधड्या उन्हात. सगळं पुस्तिकेप्रमाणे. बंदोबस्त माझा बरोबरच होता, फक्त गोचिडींना बाहेर ठेवून करायचा तर मी तो त्यांना आत घेऊन केला.

तो आता कुठं ठेवायचा हा प्रश्न होता. सालेहाभाभी म्हणाल्या, हमारे पास बाँधो, हमारे बकरी कू अब काय की बदनामी बाकी है. मी हसले. मग त्यांना म्हटलं, बकरी परत आमच्या खांबाशी आणा. म्हणाल्या, नक्को भाभी, उसको उधर का कचरा पसंद आ गया.

त्यांचा चिमटा मागून आणला आहे. परत द्यायला सांगितलेलं नाही.

३० जानेवारी

दारातून वारा फार येतो, मनूला खोकला होईल. बाज एक हात आत सरकवली. दार आता लागतं. ताडपत्री पाशामियाँना परत. प्लॉटवर काहीच राहिलं नाही, फक्त जमिनीवर पावडरची पांढरी चौकट दिसते.

मनू क्लासला जायला लागली. परीक्षेला महिना राहिला आहे.

मी घरात झोपते असं नाही. बाज सध्या तिथं आहे.

२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी उठून सडा टाकायला गेले तर गल्लीतले सगळे बाहेर, घोळका करून. पाशामियाँ म्हणाले, क्या भाभी, झटका आला, सगळे पळाले, तुमचंच दार बंद! मी म्हटलं, कधी? म्हणाले, पहाटेला. मी विचारलं, रिश्टर? म्हणाले, रिस्टरसाब बकरीच्या पोटाला लागून घोरत होते.

घरात आले. मनू चहा करत होती. विचारलं, तुला कळला का धक्का? म्हणाली, हाव. म्हटलं, मग मला का उठवलं नाहीस? भांडीसुद्धा वाजली नाहीत, एवढुसाच होता, म्हणाली. म्हटलं, तरी. त्यावर ती गाळणी धरून उभी राहिली. म्हणाली, तू घोरून राहिली होतीस आई. बाबा गेल्यापासून तुला असं घोरताना ऐकलं नव्हतं. मग कशाला उठवू?

चहा गाळून म्हणाली, तुझ्या नाकापुढं बोट धरून बघितलं. रोज बघते तसं. श्वास होता. मग मीपण झोपले.

दोन वर्षं. पोरगी चारला उठते अन् अकराला पडते म्हणून मी लिहिलं आहे मागे. ते चूक आहे.

कपभर चहा तसाच गार झाला.

तर आता हे असं चालणार नाही. परीक्षा तिची आहे, झोप तिला पाहिजे. आजपासून राखण माझी. रात्रभर मी जागी राहणार, तिच्या नाकापुढं मी बोट धरणार, आणि काही झालं तर आधी मी सांगणार. वाचायला दोन पुस्तकं आणून ठेवली. थर्मासमध्ये चहा भरून उशाशी. तिच्याकडून आज अजिबात न उठण्याचं वचन घेतलं.

कानामागे बघून झालं, तिच्या आणि माझ्या. काही नाही. बाजेखालच्या वाट्या काढून घासून फडताळात ठेवल्या.

३ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळ.

झोप लागली.